नसलेल्या आत्याच्या नावाची हंडी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची हंडी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही माझी गोष्ट ऐकायला बसलात खरे, पण का बसलात, हा प्रश्न माझ्या मनात येऊन गेलाच. अभ्यास चुकवायचा असेल, नाहीतर बाहेर खेळायला कुणी सोडत नसेल. असू दे. बसलाच आहात तर ऐका.

हा स्वभाव माझा जन्मापासूनचा आहे. रुमानियातल्या टेकड्यांमध्ये कुंभारांचं एक गाव आहे, तिथल्या निस्तोर कुंभारानं मला घडवलं. त्याचा हात मोठा हलका. बैलाच्या पोकळ शिंगातून रंगाची धार सोडत त्यानं माझ्या पोटावर एक ऐटबाज कोंबडा काढला. मला वाटलं, चला, माणूस आपल्यावर जीव लावतोय. पण भट्टीतून काढल्याबरोबर त्यानं काय केलं, तर बोटाच्या पेरानं मला टकटक वाजवलं आणि कान लावून ऐकलं. तडा गेलाय का, म्हणून! स्वतः घडवलेल्या हंडीवर ह्याचा भरवसा नाही. पुढे जत्रेत तर जो येईल तो टकटक. इतक्यांनी संशय घेतल्यावर कुणाचा स्वभाव सरळ राहील, तुम्हीच सांगा.

जत्रेत मला सफ्तानं उचललं. सफ्ता म्हणजे लाल गालांची, फुलाफुलांचा रुमाल बांधणारी, आणि तोंडाचा पट्टा कधी बंद न पडणारी बाई.

"ह्या कोंबड्याची शेपटी वाकडी आहे," ती म्हणाली.

"बाई, शिजवायचं हंडीत आहे, कोंबड्यात नाही," निस्तोर म्हणाला.

"आणि कान? एक वर, एक खाली."

"तुमचे बघू?"

सफ्ता खो खो हसली आणि मला घेऊन घरी आली. घरी जाईपर्यंत माझा कोंबडा गावातला सगळ्यात देखणा झाला होता. नवऱ्याला म्हणाली, "अशी हंडी गेर्गीनाकडेसुद्धा नाही." गेर्गीना तिची शेजारीण. तिथेच मला कळलं, की ह्या घरात पाणी कुठेतरी मुरतंय.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं शेजाऱ्याला जेवण देतात. त्याला पोमाना म्हणतात. हंडी भरायची, वर गोल पाव ठेवायचा, पावात मेणबत्ती खोचायची, हंडीच्या कानाला रुमाल बांधायचा आणि शेजारच्या दारात जाऊन म्हणायचं, "घे, माझ्या आईच्या आत्म्यासाठी." घेणाऱ्यानं म्हणायचं, "देव तिला क्षमा करो." बस्स. आभार नाहीत की उपकार नाहीत. कारण ते जेवण तुम्हाला दिलेलंच नसतं. तुम्ही इथे जेवता आणि ती तिकडे जेवते. म्हणून पोमानाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं, तर मेलेल्याच्या तोंडचा घास काढल्यासारखं होतं. आणि हंडीही परत करायची नसते. ती परत आली, तर तिकडे त्याच्या हातातली हंडी गेली.

रीत चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण सफ्ताच्या चुलीवर घेवड्याचं कालवण शिजवता शिजवता मी जे बघितलं, ते मला पटायचं नाही. सफ्ता पोमाना द्यायला निघाली, की फाटक सताड उघडं ठेवायची. मोठ्यानं बोलायची. गेर्गीनानं हंडी आणि रुमाल दिला, तर ही हंडी, रुमाल आणि वर लोकरीचे मोजे द्यायची. हे आत्म्यासाठी चाललंय की गेर्गीनासाठी, असं मला दर वेळी वाटायचं. द्यायच्या हंड्या वेगळ्या, कोऱ्या, बाजारातून आणलेल्या असत. मी आपली घरातली. वर्षानुवर्षं तिच्या चुलीवर बसून बसून माझा तळ काळाकुट्ट झाला. "ह्या हंडीतला घेवडा म्हणजे घेवडा!" असं पाहुणे म्हणायचे. मग घरात चकचकीत भांडी आली, त्यांना काचेची झाकणं होती, आणि मी गेले कपाटावर. माझ्यात कांद्याची सालं, तुटकी बटणं, एक बिघडलेली किल्ली. कौतुक करणारी माणसं कुठे गेली, ते विचारू नका.

पण कपाटावरून एक गोष्ट चांगली दिसायची, ती म्हणजे समोरचं रालित्साचं फाटक.

रालित्सा गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई. नवरा त्रिफोन कधीच गेला होता. मूलबाळ नव्हतं, असं सगळे म्हणत. आयुष्यभर तिनं एकच काम केलं. गल्लीत कुणी गेलं, की मयताच्या जेवणाचा स्वयंपाक रालित्साचा. मोठ्या कढया, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा-भात, शिजवलेल्या गव्हाचं गोड, सगळं तीच करायची. कुणाच्या आईला काय आवडायचं, कुणाच्या सासऱ्याला मीठ कमी लागायचं, तिला सगळं ठाऊक. पैसे दिले तर नाक मुरडायची. घेणं तिला माहीतच नव्हतं.

त्या वर्षी पानगळीत ती विहिरीपाशी घसरली आणि कंबरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं. कुबडी आली. गाय विकावी लागली. लाकडं फोडता येईनात, पाणी आणता येईना. हिवाळा तोंडावर, आणि घरात पोटभर काही नाही. सगळ्या गल्लीला दिसत होतं. सफ्ता मक्याच्या पिठाचं पोतं घेऊन गेली आणि होती तशी परत आली. त्या दिवशी गेर्गीना आणि लाकूडतोड्या पांतेलिमोन सफ्ताच्या स्वयंपाकघरात बसले होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"पोतं फाटकाबाहेर ठेवलं माझ्यासमोर," सफ्ता म्हणाली. "म्हणते कशी, 'माझ्या घरात भिकारी राहतो, असं कुणी सांगितलं तुला?'"

"मग मरू दे म्हातारी," गेर्गीना म्हणाली, आणि घाईघाईनं छातीवर क्रूसाची खूण केली. "म्हणजे, मरू नये गं. पण हट्ट किती!"

"ह्या थंडीत ती टिकायची नाही," सफ्ता म्हणाली. पहिल्यांदाच ती हळू बोलली.

पांतेलिमोन फारसा बोलायचा नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून तो म्हणाला, "पोमाना असली, तर नाही म्हणता येणार नाही तिला."

तिघांनाही ते पटलं. मला मात्र लगेच वाटलं, हे बरं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर मेलेल्यांसाठी रांधलं, तिला मेलेल्यांच्या आड लपून वाढायचं? कुणाच्या तरी डोक्यात ह्याचा गाजावाजा करायचा बेत असणार. बहुतेक सफ्ताच्याच.

तर सुरू झालं. सफ्ताची आई, सफ्ताची सासू, गेर्गीनाची आई, तिचा दीर. शनिवार हा मेलेल्यांचा वार, म्हणून शनिवारी हंड्या निघायच्या. नंतर शनिवार पुरेनात, तेव्हा कुणाच्या नावाच्या संताचा सण, कुणाचा वाढदिवस आठवायला लागला. रालित्सा दारात कुबडीवर उभी राहायची, हंडी घ्यायची आणि म्हणायची, "देव तिला क्षमा करो." दार लावून घ्यायची. मग चिमणीतून धूर निघायचा, आणि सफ्ता खिडकीशी उभी राहून तो धूर बघायची. मी म्हटलं, बघ, कशी खात्री करून घेतेय आपल्या पुण्याची.

पांतेलिमोननं तर बापाच्या नावानं मोळीभर लाकडं नेली. तो परत आला तेव्हा कान लाल झाले होते त्याचे.

"काय म्हणाली?" सफ्तानं विचारलं.

"मी म्हटलं, बाबांना तिकडे थंडी वाजत असेल, म्हणून लाकडं. तर म्हणाली, 'तुझ्या बापाला? त्याला जानेवारीत घाम यायचा!'"

"मग? घेतली की नाही?"

"घेतली. पण माझ्याकडे असं बघितलं, जशी मी चोरूनच आणलीत."

म्हणजे म्हातारीलाही वास लागला होता. मला तिचं कौतुक वाटलं. कुणीतरी माझ्यासारखं ह्या गल्लीत आहे म्हणायचं!

हिवाळा काही संपेना. आणि एका सकाळी सफ्ता स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. बाजारातून आणलेल्या कोऱ्या हंड्या संपल्या होत्या, बर्फानं रस्ता बंद होता, आणि त्याहून वाईट म्हणजे तिची मेलेली माणसं संपली होती. एकदा दिलेल्याच्या नावानं पुन्हा द्यायला हरकत नसते, पण ते त्याच्या दिवशी, वर्षानं. नवरा इटलीत कामाला गेलेल्या भावाचं नाव सुचवायला लागला, तर सफ्तानं त्याच्या अंगावर पळी उगारली. "जिवंत माणसाच्या नावानं? जीभ झडेल तुझी!" मग तिची नजर वर गेली. माझ्यावर.

तिनं मला खाली काढलं, बटणं ओतली, घासूनपुसून घेतलं, पण तळ काळा तो काळाच. घेवड्याचं कालवण भरलं. वर पाव, पावात मेणबत्ती. मेणबत्ती दोनदा काढून पुन्हा खोचली. मला तेव्हाच संशय आला, की ही काहीतरी भलतं करणार आहे.

रालित्साचं घर आतून मी पहिल्यांदाच बघितलं. स्वच्छ. रिकामं. फक्त भिंतीशी फळीवर हंड्याच हंड्या, ओळीनं. सगळ्या गल्लीची मेलेली माणसं तिथे रांगेत उभी होती म्हणा ना.

"घे मावशी," सफ्ता म्हणाली, "माझ्या तुदोसियाआत्याच्या आत्म्यासाठी."

रालित्सानं मला हातात घेतलं. पण "देव तिला क्षमा करो" काही म्हणाली नाही. तिनं मला वळवून माझा तळ बघितला.

"आत्म्यासाठी काळी हंडी द्यायला कधीपासून लागलो आपण?"

"रस्ता बंद आहे ना मावशी, बाजार..."

"आज वार कुठला?"

"मंगळवार."

"सगळी मेलेली माणसं शनिवारी जेवतात. तुझी आत्या मंगळवारी जेवते होय?"

सफ्ताच्या तोंडचं पाणी पळालं. "ती जरा... वेगळीच होती. लांब राहायची. क्रायोव्हाला."

"सफ्ता," म्हातारी म्हणाली, "तुझ्या आजोबांना चार मुलगे. पाचवी तरी मुलगी व्हावी म्हणून म्हाताऱ्यानं चर्चमध्ये इतक्या मेणबत्त्या लावल्या, की पाद्री त्याला बघून हसायचा. झाली नाही. त्याच्या मयताचा स्वयंपाक मी केलाय. तुझ्या बापाला बहीण कुठून आली?"

सफ्ता गप्प. माझ्या माहितीतली पहिलीच वेळ. आणि ती गप्प बसली तेच वाईट झालं, कारण म्हातारीच्या डोळ्यांतला संशय मागच्या एकेका हंडीपर्यंत सरकत गेलेला मी बघितला.

"म्हणजे ह्या सगळ्या अशाच?" फळीकडे कुबडी करून तिनं विचारलं. "पांतेलिमोनच्या बापाला थंडी वाजली, तीही अशीच? तुम्ही बसून ठरवता होय, आज म्हातारीला कुणाचं नाव सांगून गिळायला घालायचं? ऊठ. चालती हो."

सफ्ता गेली. आणि मग रालित्सानं ती गोष्ट केली, जी आमच्या गल्लीत कुणी कधी केली नव्हती. मला रिकामी करून, एका हातात कुबडी आणि एका हातात हंडी, अशा खेपा घालत तिनं सगळ्या हंड्या फाटकाबाहेर नेऊन ठेवल्या. बाकड्यावर, कुंपणाच्या कडेला, दगडावर. तिच्या छातीतली धाप मला ऐकू येत होती. शेवटी मला ठेवलं आणि दार लावून घेतलं.

मित्रांनो, त्यानंतर जो गोंधळ उडाला, तो विचारू नका. सगळ्यात आधी गेर्गीना धावत आली.

"माझ्या आईची हंडी बाहेर! अगं माझी आई तिकडे आत्ता रिकाम्या हातानं उभी असेल!" मग ती सफ्ताकडे वळली. "तुला कुणी सांगितलं होतं नवी आत्या जन्माला घालायला? आणि घालायची तर निदान परगावच्या बाईसमोर घालायची! हिच्यासमोर?"

"माझ्याकडे दुसरं कोण उरलं होतं?" सफ्ता रडत म्हणाली.

"मला मागायचं होतंस! माझा एक चुलत चुलता बाकी होता!"

पण रडून काय उपयोग. हंडीला हात कुणी लावायचा? उचलली, की परत घेतली. परत घेतली, की तिकडची गेली. सगळ्या बायका हात शालीखाली घेऊन उभ्या. शेवटी पाद्री इलारिएंना बोलावलं. ते आले, हंड्यांकडे बघितलं, दाढी कुरवाळली.

"पवित्र ग्रंथात हंड्यांबद्दल काहीही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "उचला आणि आपापल्या घरी न्या."

"ग्रंथात नसेल, फादर," गेर्गीना म्हणाली. "माझी सासू सांगायची."

"अंधश्रद्धा आहे ही."

"मग तुम्हीच उचला ना. ती कोपऱ्यातली तुमच्या आईच्या नावाची आहे."

पाद्रीबाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाले, त्यांना संध्याकाळच्या प्रार्थनेला उशीर होतोय.

आम्ही तिथेच राहिलो. बर्फ पडला, माझ्या तळाशी उरलेलं पाणी गोठलं, आणि माझ्या अंगातून बारीक आवाज गेला. ते दुखणं वेगळंच असतं. पण मी डोळ्यात तेल घालून बघत होते. मला खात्री होती, की आता सगळे मनातल्या मनात म्हणणार, सुटलो एकदाचे, आपण केलं आपल्यापरीनं. माणसांना काखा वर करायला निमित्तच हवं असतं. आणि खरंच, एकेक करून दारं लागली. रालित्साच्या चिमणीतून धूर येईना. दुसऱ्या दिवशीही येईना. मला वाटलं, झालं. ही मरणार, आणि मग सगळे हिच्या नावानं हंड्या भरणार, मोठ्यानं, फाटकं उघडी ठेवून.

तेव्हा सफ्ता आली. डोक्याला रुमाल नाही, हातात मेणबत्ती नाही, पाव नाही. सरळ माझ्याकडे आली आणि मला उचललं. समोरून गेर्गीना खिडकीतून ओरडली, "हात लावू नकोस!"

"ही कुणाचीच नाही," सफ्ता म्हणाली. "हिला हात लावला, तर कुणाचं काही जात नाही."

तिनं दार ढकललं. चूल गार होती. रालित्सा गोधडीत बसली होती, ओठ निळे. सफ्तानं मला टेबलावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच बोलायला लागली.

"मावशी, तुदोसिया नव्हतीच. तेवढं खोटं. पण बाकीची सगळी खरी होती. आई खरी, सासूबाई खऱ्या, पांतेलिमोनचा बाप खरा. शपथ घेते. माझी मेलेली माणसं संपली गं, आणि तुझा हिवाळा संपेना. मी काय करणार होते?"

म्हातारीच्या तोंडातून असा काही आवाज आला, की मला वाटलं खोकला. पण ती हसत होती, आणि हसताना कंबर धरत होती.

"मूर्ख कुठची," ती म्हणाली. "सरळ सांगायचं होतंस, मावशी, मी आणलंय, खा म्हणून."

"पीठ आणलं होतं तेव्हा सरळच सांगितलं होतं. तू पोतं बाहेर ठेवलंस."

"ठेवलं," रालित्सानं कबूल केलं. "आताही ठेवलं असतं."

"का पण? एवढं काय वाकडं आहे आमचं?"

म्हातारीनं गोधडी अंगाभोवती घट्ट ओढली. मग म्हणाली, "देव तिला क्षमा करो, देव त्याला क्षमा करो. जीभ झिजली माझी. सगळ्या गल्लीची मेलेली माणसं माझ्या तोंडानं जेवून गेली. आणि माझी? माझा त्रिफोन तिकडे बाकीच्यांच्या हंड्यांकडे बघत बसला असेल. दर शनिवारी मी त्याच्या नावानं कुणाला तरी द्यायची. पडले तेव्हापासून घासभर दिलं नाही. नुसती घेतेय, घेतेय. लाज मला पोटाची वाटत नाही, सफ्ता. त्याची वाटते."

सफ्ता पटकन खाली बसली. मीही, खरं सांगू, पहिल्यांदा कुणाचा संशय घ्यायचा विसरले. इतके दिवस हंड्या जात होत्या, येत होत्या, भांडणं होत होती, आणि एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती, की ज्या बाईनं जन्मभर दिलं, तिला द्यायलाही काहीतरी लागतं. सगळ्यांनी तिचं पोट भरलं आणि हात रिकामे ठेवले.

"थांब," म्हणून सफ्ता धावत घरी गेली. येताना न शिजवलेला घेवडा, मक्याचं पीठ, कांदा, तेल आणि काखेत लाकडं घेऊन आली. चूल पेटवली. शिजवायला हात घालणार, तेवढ्यात म्हातारी ओरडली, "पळी सोड. माझी चूल आहे."

"मावशी, उभं राहता येत नाही तुला!"

"बसून ढवळते. तू कांदा चिर. बारीक चिर, तुझ्या आईसारखा नको, ती गाईला घालायची तसा चिरायची."

घेवडा माझ्यातच शिजला. तळाचा केसाएवढा तडा सारखा झिरपत होता, पण मी नेट धरला. शिजल्यावर रालित्सानं आपल्या डोक्याचा काळा रुमाल सोडून माझ्या कानाला बांधला. पाव नव्हता, म्हणून मक्याच्या पिठाची घट्ट ममालिगा शिजवून, कापून वर ठेवली, त्यात देवघरातला मेणबत्तीचा तुकडा खोचला आणि पेटवला. सफ्ता समोर येऊन उभी राहिली, दोन्ही हात पुढे करून. तिला वाटलं, आता त्रिफोनचं नाव येणार. मलाही तेच वाटलं.

"त्रिफोनला शनिवारी देऊ," रालित्सा म्हणाली. "नव्या हंडीत. काळी हंडी त्याला आवडायची नाही, फार नखरे होते त्याचे. आज ही छोटीला."

"कुठली छोटी?"

"तुझ्या जन्माआधी मुलगी झाली होती मला. एक सकाळभर जगली ती. पाद्री यायच्या आत गेली. बाप्तिस्मा नाही, म्हणून नाव नाही. नाव नाही, म्हणून तिच्या नावानं कधी काही देता आलं नाही. तिच्यासाठी आजवर कुणी एक चमचासुद्धा वाढलेला नाही."

सफ्ताचे हात तसेच पुढे राहिले.

"तू एक नाव आणून ठेवलंस माझ्या घरात," म्हातारी म्हणाली. "चांगलं नाव आहे. त्या नावाचं दुसरं कुणी नाही, तूच म्हणालीस. कुणाकडून काढून घेतलं, असंही होणार नाही."

"पाद्री काय म्हणतील, मावशी?"

"पाद्रीला कोण सांगतंय?" रालित्सानं मला उचललं. "घे सफ्ता. माझ्या तुदोसियाच्या आत्म्यासाठी."

एका सकाळच्या पोरीला देव काय क्षमा करणार, हे सफ्तालाही कळत होतं. तरी तिनं रीत मोडली नाही. "देव तिला क्षमा करो," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी मला छातीशी धरून इतकी रडली, की मेणबत्ती विझते की काय असं मला वाटलं. मग त्या दोघी समोरासमोर बसून जेवल्या. सफ्तानं तळापर्यंत सगळं पुसून खाल्लं. तिच्या फाटकातून त्या दिवशी कुणालाही काही ऐकू आलं नाही.

त्यानंतर बाकीच्या हंड्या रालित्सानं स्वतः आत नेल्या, आणि गल्लीनं सुटकेचा श्वास सोडला. शनिवारी प्रत्येक घरातून थोडं थोडं कच्चं सामान तिच्याकडे जायला लागलं. ती शिजवायची, आपल्या माणसांच्या नावानं वाटायची, आणि सगळे तिच्या टेबलाशी बसून जेवायचे. ती त्यानंतरचे कितीतरी हिवाळे जगली. मी आता सफ्ताच्या खिडकीत असते. तडा वाढला, कालवण राहत नाही, म्हणून माझ्यात अंडी ठेवतात.

मित्रांनो, मी अजूनही संशयी आहे. कुणी मोठ्यानं देताना दिसलं, की माझे कान टवकारतात. पण मी फार दिवस चुकीच्या बाजूला बघत बसले, हे मला मान्य आहे. तुमच्या शेजारीही कुणीतरी दार लावून बसलेलं असेल. त्याच्याकडे काहीतरी घेऊन जाल, तेव्हा ठेवून पळू नका. जरा बसा. तो तुम्हाला काही देऊ बघेल, घोटभर पाणी, एखादं लिंबू, जुनी एखादी आठवण. ते नको म्हणू नका. दोन्ही हात पुढे करून घ्या. आणि एवढं करून थंडी उरलीच, तर दारातली मातीची भांडी तेवढी आत घ्या. तडा गेला, की तो पुन्हा भरून येत नाही.